गहाण न पडणारी जमीन आणि ब्लॉकचेनवरचं कर्ज

मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली अचानक तंत्रज्ञानाच्या बातम्यांत आलं. तिथल्या रहिवाशांची सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम शासनाने लेजिटडॉक या कंपनीच्या मदतीने हाती घेतलं होतं. प्रमाणपत्राचा अंकीय ठसा ब्लॉकचेनवर नोंदवायचा आणि कागदावर क्यूआर कोड छापायचा. तो स्कॅन केला की कागद खरा की बनावट हे कळतं. आदिवासींच्या राखीव जागा खोट्या दाखल्यांवर बळकावल्या जाण्याची तक्रार या राज्यात अनेक दशकांची आहे. तेव्हा हा उपयोग शहाणपणाचाच म्हणायला हवा.

माझं भांडण त्या बातमीच्या खांद्यावर बसून आलेल्या निष्कर्षाशी आहे. तो असा: दाखला जर दुर्गम भागात ब्लॉकचेनवर पोहोचला, तर पुढची पायरी कर्जाची. बँकेची शाखा नको, सावकार नको, तलाठ्याचा उतारा नको. मोबाइलमधल्या वॉलेटमधून तारण ठेवा, कर्ज उचला. त्यातही आता एका ब्लॉकचेनवर तारण ठेवून दुसऱ्यावर कर्ज घेता येतं, म्हणजे पैशाला हद्दच उरली नाही. ज्यांना बँकांनी वगळलं त्यांना हे तंत्र सामावून घेईल, असं चर्चासत्रांत आणि लेखांत इतक्या सहजतेने बोललं जातं की पुरावा कोणी मागतच नाही.

प्रतिपक्षाला आधी दुबळं करून मग पाडण्यात अर्थ नाही, म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. आवे, कंपाउंड, मेकरडाओ यांसारख्या ब्लॉकचेनवरच्या कर्जव्यवस्थांत कर्जदाराची जात, लिंग, गाव, ओळख कोणी विचारत नाही. व्याजदर सगळ्यांना एकच आणि उघडा. हिशेब कोणालाही तपासता येतो. सहकारी बँकांच्या बुडीत कर्जांच्या कहाण्या ऐकलेल्या महाराष्ट्राला ही काही लहान गोष्ट वाटू नये. पॉलिगॉन ही तर आपल्याकडचीच. २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने भारतीय संस्थापकांनी ती सुरू केली आणि तिच्या चाचणीच्या जाळ्याला नावही ‘मुंबई’ दिलं होतं. २०२१ मध्ये आवेचं कर्जदालन पॉलिगॉनवर उघडलं. म्हणजे ज्या नोंदवहीत एटापल्लीचे दाखले, तिच्यातच कर्जाची सोय. इथेरियम या ब्लॉकचेनवर व्यवहाराचं शुल्क परवडत नसेल तर माल पॉलिगॉनवर हलवा. व्याज तिसरीकडे कमी असेल तर तिकडे जा. शिवाय यातल्या प्रमुख व्यवस्था २०२२ च्या पडझडीतही चालू राहिल्या, हे मान्य करायला हवं. त्या वर्षी बुडालेली सेल्सियस ही ठेवी गोळा करणारी नेहमीच्या पठडीतली कंपनी होती, आणि पुण्यात २०१८ मध्ये गुन्हा दाखल झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण महिन्याला दहा टक्क्यांच्या आमिषाचं होतं. ही दोन्ही उदाहरणं प्रतिपक्षाच्या माथी मारणं मला रास्त वाटत नाही. वाद घालायचा तर चालत्या, प्रामाणिक यंत्रणेशी घालावा.

तर ती प्रामाणिकपणे कशी चालते? मेकरडाओत ईथर हे इथेरियमचं नाणं तारण ठेवून डाय ही डॉलरच्या किमतीला बांधलेली नाणी घ्यायची तर दीर्घकाळ नियम असा होता की शंभराच्या कर्जामागे निदान दीडशेचं तारण हवं. आवेवर तारणाच्या किमतीच्या साधारण पाऊणपटीपर्यंत कर्ज मिळतं. मालागणिक हे प्रमाण बदलतं. कारण उघड आहे. कर्जदार कोण हे ठाऊक नाही, त्याच्या दारात जाता येत नाही, त्याच्यावर दावा लावता येत नाही. उरतं फक्त तारण. आता गडचिरोलीच्याच कोरची तालुक्यातल्या धानउत्पादक बाईला रोवणीसाठी वीस हजार हवेत असं धरा. तिने आधी सत्तावीस-तीस हजारांचं ईथर ठेवायचं. तेवढे पैसे तिच्याकडे असते तर ती रोवणी करून मोकळी झाली असती. ही कर्जव्यवस्था ज्याच्याकडे आधीच माल आहे आणि तो विकायचा नाही, अशासाठी आहे: भाव चढण्याची वाट पाहणारा, किंवा कर्जातून आणखी तेच नाणं घेऊन पैज दुप्पट करणारा. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, त्यामुळे न विकता रोकड मिळवण्याचं आकर्षण इथल्या धारकाला जास्तच. त्याने ते खुशाल करावं. पण त्याच्या सोयीला वंचितांच्या पतपुरवठ्याचं नाव देऊ नये.

इथे हमखास येणारं उत्तर असं की सोनेतारणही तारणावरच चालतं, त्याला तुम्ही का हसत नाही? हसत नाही, कारण सोनं घरात आधीच असतं, अंगावर घालून झालेलं असतं आणि लिलावाआधी कर्जदाराला नोटीस द्यावी लागते. ब्लॉकचेनवर नोटीस नाही. भाव ठरलेल्या रेषेखाली गेला की कोणीही त्रयस्थ येऊन तुमचं कर्ज फेडतो आणि तारण सवलतीत उचलतो. १२ मार्च २०२० रोजी ईथरचा भाव एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. नेटवर्कवर गर्दी उसळली, व्यवहारांचं शुल्क कडाडलं, लिलावात बोली लावणारे बहुतेक संगणकी दलाल अडकून पडले आणि उरलेल्या काहींनी शून्य बोलीवर माल नेला. मेकरडाओच्या कर्जदारांचं ८० लाख डॉलरहून अधिक तारण असं फुकट गेलं. नियमाप्रमाणे त्यांचा दंड १३ टक्के होता, गेलं सगळंच. तेव्हा ज्यांच्याकडे चोवीस तास वीज आणि वेगवान जोडणी होती त्यांनाही तारणात वेळेवर भर घालता आली नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथल्या माणसाने मिनिटामिनिटाला भाव बघत तारण सांभाळावं, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांनी नकाशा पाहिलेला दिसत नाही.

आता एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर जाण्याविषयी, कारण पूर्वपक्षाचा सगळ्यात झळाळता भाग तोच. खरं तर नाणं एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर जातच नाही. धान गोदामात ठेवावं आणि त्याची पावती बाजारात फिरावी, तसं हे आहे. इथेरियमवर नाणं कुलूपबंद होतं आणि दुसरीकडे त्याच्या नावाची पावती छापली जाते. कर्ज मिळतं ते त्या पावतीवर. गोदामाचं कुलूप सांभाळणाऱ्या व्यवस्थेला ब्रिज म्हणतात. विश्वासाची गरज संपली असं सांगणाऱ्या या जगात सगळा विश्वास या एका कुलपावर येऊन ठेपतो, आणि ते कुलूप किती वेळा तुटलं ते पाहा. २ फेब्रुवारी २०२२ ला वर्महोल ब्रिजवर कुलपात ईथर न टाकताच सोलानावर १ लाख २० हजार पावत्या छापल्या गेल्या. सुमारे ३२ कोटी डॉलरचं भगदाड मालक कंपनीशी संबंधित जंप क्रिप्टोने स्वतःच्या पैशाने बुजवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये रोनिन ब्रिज लुटला गेला. तिथे नऊ जणांच्या सह्यांपैकी पाच पुरत होत्या. त्यातल्या चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या आणि पाचवीचा अधिकार तिला पूर्वी तात्पुरता दिलेला काढून घ्यायचा राहिला होता. १ लाख ७३ हजार ६०० ईथर आणि अडीच कोटींहून अधिक डॉलर-नाणी गेली. चोरी उघडकीला आली सहा दिवसांनी, तीही एका ग्राहकाला पैसे काढता येईनात म्हणून. पुढे अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझरस टोळीचं नाव घेतलं. ऑगस्टमध्ये नोमॅड ब्रिजची तर अशी गत झाली की पहिल्या चोराचा व्यवहार नक्कल करून पत्ता बदलला तरी पैसे मिळत होते, आणि शेकडो लोकांनी ते घेतले.

चोरी बँकेतही होते, असं म्हणून हा मुद्दा उडवला जातो. म्हणून कर्जाशी थेट जोडलेलं एक उदाहरण घेतो; मला ते या सगळ्यांत अधिक बोलकं वाटतं. फॅन्टम नावाच्या ब्लॉकचेनवर गाइस्ट फायनान्स ही कर्जव्यवस्था होती. तिच्यातली पुष्कळशी तारणं मल्टिचेन या ब्रिजने छापलेल्या पावत्या होत्या. जुलै २०२३ मध्ये मल्टिचेनमधून बारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर गेली. त्याआधी मे महिन्यात चीनमध्ये तिच्या प्रमुखाला पोलिसांनी नेलं होतं आणि नंतर कंपनीनेच सांगितलं की किल्ल्या त्या एका माणसाच्या हाती होत्या. पावत्यांमागचा माल गेला, पावत्यांची किंमत कोसळली. पण गाइस्टला भाव कळवणारी यंत्रणा अस्सल नाण्यांचे भाव सांगत राहिली, कारण तिच्या लेखी डॉलर-नाणं म्हणजे डॉलर-नाणं. निकामी पावती तारण ठेवून चांगला माल उचलता येईल अशी अवस्था आली आणि गाइस्टला कायमचं टाळं लावावं लागलं. गाइस्टची स्वतःची संहिता फुटली नव्हती, तिच्या कर्जदारांनी दगा दिला नव्हता. परक्या मुलखात एका माणसाला अटक झाली आणि दुसऱ्याच ब्लॉकचेनवरचं कर्जदालन बुडालं. व्यक्तीवरचं अवलंबन संपवण्याचा दावा करणाऱ्या व्यवस्थेची ही अवस्था एखाद्या पतसंस्थेच्या संचालकालाही ओशाळवील.

नव्या पद्धतीचे समर्थक म्हणतील, आता कुलूपच नको. सर्कल कंपनीने २०२३ मध्ये आणलेल्या पद्धतीत तिचं डॉलर-नाणं एका बाजूला नष्ट होतं आणि दुसऱ्या बाजूला नव्याने तयार होतं. गोदाम नाही म्हणजे दरोडा नाही. तांत्रिक सुधारणा म्हणून हे मान्य. पण मग विश्वास सर्कलवर. ही कंपनी कोणत्याही पत्त्यावरची नाणी गोठवू शकते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी निर्बंधांनंतर तिने तसं केलंही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलचे ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते आणि एक डॉलरचं नाणं काही काळ ८८ सेंटच्या आसपास उतरलं. बँकेविना चालणाऱ्या कर्जाचं चलन कॅलिफोर्नियातल्या एका बँकेच्या दिवाळ्याने गडगडलं. अमेरिकी सरकारने ठेवीदारांना हमी दिल्यावर ते सावरलं.

इथवरचं सगळं यंत्रणेबद्दल झालं. माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे आणि तो गडचिरोलीच्या जंगलातल्या मालमत्तेच्या स्वरूपाचा आहे. प्रतिपक्षाचं गृहीतक असं की इथल्या लोकांकडे मालमत्ता आहे, फक्त ती तारणयोग्य झालेली नाही. ती डिजिटल टोकनमध्ये बदलली की पत उभी राहील. वनपट्टे टोकन करा, जंगलातला कार्बन टोकन करा. या सूचनेत कायद्याचं अज्ञान आहे आणि इतिहासाचं त्याहून मोठं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे मिळालेला हक्क वारसाने जातो, पण हस्तांतरित करता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीविना जाऊ देत नाही. ही तंत्रज्ञान पोहोचण्याआधीची मागास अवस्था नव्हे. जमिनी गहाणात गेलेल्या पाहून विचारपूर्वक घातलेलं कुंपण आहे. जे गहाण टाकता येतं ते गमावताही येतं, हा हिशेब कायदा करणाऱ्यांनी मांडला होता. टोकन करणारा नेमकं तेच कुंपण तोडायला सांगतो आणि त्याला समावेशन म्हणतो.

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलं गाव या वादात साक्षीला बोलवायला हवं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक; क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. बांबू गवत की झाड यावर वनखात्याशी दीर्घ वाद चालला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावाने बांबू स्वतः विकला, रोजगार स्वतः वाटला. आणि मग २०१३ मध्ये कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या या गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली खाजगी शेतीही गावाच्या स्वाधीन केली, जेणेकरून ती बाहेरच्याला विकली जाऊ नये. म्हणजे उत्पन्न वाढू लागलं, बाजार हाती आला, आणि त्याच वेळी गावाने उरलीसुरली तारणयोग्य मालमत्ताही आपखुशीने बाजूला काढली. प्रतिपक्षाच्या सिद्धांतानुसार हे आर्थिक आत्मघाताचं कृत्य ठरावं. प्रत्यक्षात गावाची पत वाढली, कारण ती बांबूच्या दरवर्षीच्या विक्रीवर आणि सर्वसहमतीने चालणाऱ्या ग्रामसभेवर उभी होती. न्यायशास्त्राच्या भाषेत, तारण नसणं हा पत नसण्याचा हेतू म्हणून दिला जातो. इथे तारण नसताना पत दिसते. हेतू व्यभिचारी ठरला.

सगळ्या गावांना मेंढ्यासारखं जमत नाही, हे खरं. पण तारणाविना कर्ज ही या भागात अपवादाची गोष्टही नाही. माविम आणि उमेद या शासकीय उपक्रमांच्या बचत गटांत बायका आपसात शेकडा दोनने कर्ज देतात-घेतात आणि बँकांनी गटाला दहा लाखांपर्यंत तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर स्वस्त नाही, वसुलीचा दबाव कधी जाचक होतो, खाजगी सूक्ष्मवित्त कंपन्यांनी तर हा दबाव धंद्यालाच लावला. तरीही तिथे कर्ज माणसाला मिळतं. तिचा नवरा आजारी आहे, तिची नांगरणी उशिरा झाली, हे देणाऱ्याला ठाऊक असतं. ब्लॉकचेनवाल्यांनीही तारणाविना कर्जाचा प्रयोग करून पाहिला. गोल्डफिंचने विकसनशील देशांतल्या कंपन्यांना कर्जं दिली. २०२३ मध्ये केनियातल्या मोटरसायकल-कर्ज देणाऱ्या तुगेंडेच्या कर्जात ती अडकली. मेपलवर डिसेंबर २०२२ मध्ये ऑर्थोगोनल ट्रेडिंगने ३ कोटी ६० लाख डॉलर थकवले. दोन्हीकडे तारणाच्या जागी अखेर कोणीतरी जमिनीवरचा, कर्जदाराची पारख करणारा मध्यस्थ आणावा लागला होता. म्हणजे जो मध्यस्थ हटवायचा होता तोच, फक्त त्याचं दार आता दूरच्या शहरात.

कायद्याचा एक पैलू तर चर्चेत येतच नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत अनुसूचित क्षेत्रातल्या सावकारीचं नियमन करण्याचा अधिकार राज्यपालांना दिला आहे, आणि १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रणाची शक्ती ग्रामसभा आणि पंचायतींना देण्यास सांगतो. गडचिरोलीचा बराचसा भाग या क्षेत्रात मोडतो. उद्या आवेसारख्या व्यवस्थेतून कर्ज आलं तर ग्रामसभेने कोणाला बोलावायचं? देणारा म्हणजे जगभरच्या हजारो अनामिकांचा एकत्र साठा, आणि अटी म्हणजे कोणालाही न थांबवता येणारी संहिता. तीच संहिता अंतिम असणं हा गुण म्हणून मिरवला जातो. या मुलखाबाहेर, पण याच राज्यात, ‘लिहिलं ते अंतिम’ या तत्त्वाचा निकाल लागून दीडशे वर्षं होत आली. मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा कायदा आला आणि त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जायला, कर्जाचा पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उकरायला सांगितलं. गडचिरोली ज्यात मोडत होती तो चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, हे मला ठाऊक आहे. तत्त्व मात्र तिथेही तेच लागू पडतं. दामदुपटाचा नियम त्याहून जुना: व्याज मुद्दलापलीकडे वसूल करू नये. ब्लॉकचेनवरच्या साठ्यात पैसा कमी उरला की व्याजाचा दर आपोआप चढतो, काही वेळा प्रचंड चढतो, आणि त्याला कोणता दामदुपट ठाऊक नसतो.

मग यातलं घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते एटापल्लीच्याच प्रयोगात आहे. नोंद घ्यावी, तारण-बाजार घेऊ नये. तेंदूपत्त्याच्या हंगामात अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात, पण मजुरी चुकवायला हाती भांडवल नसल्याने कंत्राटदाराच्या आगाऊ रकमेवर अवलंबून राहतात, आणि आगाऊ देणारा भाव पाडतो. दरवर्षी किती पुडे जमले, काय दराने गेले, किती दिवसांत पैसे आले, कोणत्या कंत्राटदाराने थकवले, हे ग्रामसभेच्या सहीने कोणाला फिरवता न येईल असं नोंदलेलं असेल, तर जिल्हा बँकेला हंगामापुरतं भांडवल देताना सातबारा मागायचं कारण राहणार नाही. अशा नोंदीला ब्रिज लागत नाही, नाणं लागत नाही, भाव कळवणारी यंत्रणाही लागत नाही. साधा, नीट राखलेला डेटाबेस आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचलेला ताळेबंद पुरला तरी माझी हरकत नाही. ब्लॉकचेन हवीच असा हट्ट मी कशाला धरू? बँकेने मात्र एक बदल करायला हवा. कर्जअर्जात ‘तारण’ या रकान्यापुढे ग्रामसभेने ‘लागू नाही’ लिहिलं, की अर्ज परत पाठवण्याऐवजी मागच्या पाच हंगामांचा हिशेब मागवायचा.